पोंक्षेकाकांचा लाकडी त्रिकोण

पोंक्षेकाकांनी क्लबहाउसमधला पूलच्या खेळाचा प्लास्टिकचा त्रिकोण कचऱ्यात टाकला, पण टाकण्याआधी रुमालाने स्वच्छ पुसला आणि सुक्या कचऱ्याच्याच डब्यात टाकला. हे सगळं कॅमेऱ्यात आलं. सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ पडला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. खाली सेक्रेटरी भाटियाजींचा मेसेज : "अनघाजी, आपके अंकल!"

काका माझे कोणी लागत नाहीत. गुरुग्रामच्या आमच्या टॉवरमध्ये मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं, एवढाच माझा गुन्हा. पण परमुलखात आपल्या माणसाची शोभा झाली की ती आपलीच होते. उद्योग ते करतात आणि कान माझे लाल होतात.

हा त्रिकोण म्हणजे खेळ सुरू करण्याआधी टेबलावर बॉल जुळवायची चौकट. बाकी जगाला ती कुठलीही चालते. काकांचा जन्म पिंपरीच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात गेला आणि निवृत्तीनंतर मुलाकडे येताना तो चोखंदळपणाही सामानात आला. त्यांच्या स्वतःच्या तीन चौकटी आहेत. एकदा मी दोन्ही हातांत भाजी घेऊन लिफ्टमध्ये त्यांच्या तावडीत सापडले, तेव्हा त्यांनी मला तिन्ही समजावून दिल्या.

"ही शंकरपाळ्यासारखी आहे ना, ती नऊ बॉलच्या खेळाला. ही भोकांची पातळ पट्टी, चांगली आहे, पण टेबलावरच राहते आणि हळू आलेला बॉल तिच्यावर अडखळतो. सोसायटीचं प्लास्टिक तर दाबलं की पसरतं. लाकूड ते लाकूड! मागून बोटं घालून बॉल पुढे रेटता येतात. खेटून बसले पाहिजेत गं, खेटून!"

माझा मजला येऊन गेला होता.

मुलं खेळायला जमली की काका गुडघ्यांवर बसून बॉलांच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारत. "थांबो! बीच में से उजेड आ रहा है! फिर से लगाओ!" मुलं हात जोडत, "अंकल, यार, खेलने दो ना." काका स्वतः कधीच खेळत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "हम सिर्फ लगाते हैं."

सर्वसाधारण सभेत पाण्यावरून भांडणं चालली असताना काका उठले आणि लाकडी त्रिकोण का घ्यावा यावर बोलू लागले. भाटियाजींनी माइक माझ्याकडे वळवला. "अनघाजी, ये 'खेटून' क्या होता है?" भरल्या सभेत मी उभी राहिले आणि दोन मुठी एकमेकींना चिकटवून दाखवल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर हे कचऱ्याचं प्रकरण. कमिटीने ठरवलं, काकांना पूलच्या खोलीत बंदी. सांगायचं कुणी? अर्थात मी. "आप अपनी भाषा में समझा दीजिए, बुरा नहीं लगेगा," भाटियाजी म्हणाले. जणू मराठीत अपमान जरा कमी लागतो.

चारचौघांत नको म्हणून मी सगळे जेवून झोपतात ती सुट्टीच्या दिवशीची दुपार निवडली. वाक्यं मनात घोळवत, म्हणजे "काका, गैरसमज करून घेऊ नका, पण" इथपर्यंत पोचून, मी दार ढकललं.

काका टेबलावर वाकून बॉल रेटत होते. शेजारी खुर्चीत काकू होत्या. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्या कुठे दिसत नसत. विचारलं तर काका "तिला बरं नसतं" म्हणून विषय बदलत. काकूंच्या डाव्या हातात पूल खेळायची काठी होती. मला पाहताच त्यांनी काठी सोडली, घाईघाईने वाकडं झालेलं तोंड पदराने झाकलं आणि मान फिरवली.

काका दाराशी आले. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तिला कुणी बघितलेलं सोसत नाही गं. फार लाजते. कॉलेजात कॅरमची चँपियन होती. ती बोर्ड फोडायला लागली की आम्ही पोरं अभ्यास सोडून बघायला जायचो. आता उजवा हात उठत नाही आणि डाव्यात तेवढा जोर नाही. बॉल सैल लागले तर नुसते हलतात, फुटत नाहीत. मग आठ-आठ दिवस खाली यायचं नाव काढत नाही. खेटून असले की तेवढ्याशा धक्क्यानेही फुटतात." ते घुटमळले. "त्या दिवशी माझा लाकडी घरी राहिला. म्हटलं, असू दे प्लास्टिकचा. बॉल जागचे हलले फक्त. ती रडली. मग माझं डोकं फिरलं. चुकलंच माझं."

मी मागचं दार हळूच लोटून घेतलं.

"तू जरा भिंतीकडे तोंड करून उभी राहतेस? एवढा एक डाव."

मी वळले. समोर क्लबहाउसची नियमावली होती. वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखी मी ती वाचत राहिले आणि एकही नियम डोक्यात शिरेना. मागे लाकूड उचलल्याचा आवाज झाला. बराच वेळ काहीच नाही. मग एक हलकीशी टिचकी, आणि पाठोपाठ बॉल टेबलभर धावले, कडांवर आपटले, एक भोकात गडगडला.

"लाल गेला! सुमन, लाल गेला!" काका ओरडले.

काकू हसल्या. तोंडावर पदर दाबूनच हसत असणार, पण हसू पदरात मावत नव्हतं. मला इतकी लाज वाटली की वळायला सांगितलं असतं तरी मी वळले नसते.

थोड्या वेळाने काकांनीच विचारलं, "कमिटीने काय ठरवलंय गं? तेच सांगायला आलीस ना?"

"ते राहू दे, काका," मी भिंतीकडे बघतच म्हणाले, "आधी काकूंना बॉल परत लावून द्या."