अठरा सेकंदांचा पेला

भास्करराव आमच्या घरी आले की त्यांना दिलेला चहा आधी त्यांच्या खिशातल्या पेल्यात जायचा. पितळी, मुठीएवढा पेला आणि त्याच्या बुडाला भोक. भोकावर बोट धरून चहा ओतायचा, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ न्यायचं आणि बोट काढायचं. खाली बशीत धार पडायची. धार तुटली की आकडा जाहीर. "साडेनऊ. वहिनी, दूध कमी पडलं." माझी बायको एकदा एवढी भडकली की तिने पुढच्या खेपेला त्यांच्यासमोर नुसतं पाणी ठेवलं. त्यांनी तेही मोजलं. "नऊ. पाण्याबद्दल तक्रार नाही."

ओझरच्या विमानाच्या कारखान्यात ते पेंट शॉपला इन्स्पेक्टर होते. तिथे रंग असाच मोजतात. घट्ट असला तर गोळे धरतो, पातळ असला तर ओघळतो. वीस वर्षं हा माणूस धार बघून "पास" नाहीतर "रिजेक्ट" म्हणत आला. निवृत्त झाल्यावरही सवय काही सुटली नाही. मंडईतली वांगी रिजेक्ट. पुतणीला आलेलं स्थळ रिजेक्ट. आमच्या कॉलनीतल्या गणपतीची मूर्ती त्यांनी मांडवात येऊन रिजेक्ट केली, तेव्हा तर मारामारीच व्हायची होती.

त्यांची बायको घशाच्या कॅन्सरने गेली. पंचवटीच्या पलीकडे एका धर्मादाय ट्रस्टचं बारा खाटांचं घर होतं, तिथे. मोठ्या दवाखान्यांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलेली माणसं तिथे यायची. पैसे घेत नसत. जखमा धुवायच्या, दुखणं कमी होईल असं औषध द्यायचं, कूस बदलायची, जवळ बसायचं, एवढंच काम. बरं करण्याची भाषा तिथे कोणी करत नसे. बायकोचे दिवस झाले आणि भास्करराव दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घराच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. ते तिथून निघालेच नाहीत.

हे घर चालायचं मेलेल्यांच्या जिवावर. वाईट वाटेल, पण खरं आहे. नाशकात माणसं येतात ती आपल्या गेलेल्यांना जेवू घालायला. ट्रस्टने तेच धरलं. वडिलांच्या तिथीला एका दिवसाचं जेवण द्या, फळ्यावर वडिलांचं नाव लिहू. पंखा द्या, पात्यावर नाव रंगवू. दाते पंखा बघायला यायचे, आणि फिरत्या पात्यावरचं नाव वाचता येत नाही म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद करायला लावायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. खाली बाराजण घामाने निथळतायत आणि वर साहेब तीर्थरूपांचं नाव वाचतायत.

जेवणाचं तर विचारूच नका. बापाच्या नावाने पेज कोण देणार? बासुंदी, जिलबी, पुरणपोळी. तिथले निम्म्याहून जास्त रोगी तोंडाचे नाहीतर घशाचे. तंबाखू आणि मिश्रीची कृपा. ते नुसता वास घ्यायचे. बासुंदी विश्वस्त खायचे, तीही आग्रह करकरून.

भास्कररावांनी यात पेला घातला. प्रत्येक रोग्याच्या घशाखाली काय उतरतं ते मोजून त्यांनी खाटेशी खडूने आकडे लिहिले. तीन नंबर, अठ्ठावीस. सात नंबर, वीस. घट्ट झालं तर अडकतं, नको तेवढं पातळ झालं तर ठसका लागतो. पेज, मुगाचं कढण, दूध, सगळं त्या भोकातून पास झाल्याशिवाय खाटेकडे जायचं नाही. मग ते रामकुंडावर जाऊन उभे राहायला लागले. श्राद्ध आटोपून निघालेल्या माणसाला गाठायचे आणि म्हणायचे, "गेलेल्यांचं झालं. आता जाणाऱ्यांचं बघा." तांदूळ, मूग, दूध, रॉकेल, एवढंच चालेल. पक्वान्न रिजेक्ट.

एकदा देवळ्याचा एक कांद्याचा व्यापारी बापाच्या तिथीला बासुंदीची पातेली घेऊन आला, सोबत फोटोग्राफर. भास्कररावांनी सगळ्यांदेखत बासुंदी पेल्यात ओतली आणि बोट काढलं. एक थेंब पडला आणि पुढचा भोकातच बसला. "रिजेक्ट," ते म्हणाले. विश्वस्तांचा चेहरा उतरला. व्यापारी शिव्या देणार असं वाटत होतं, पण तो पेल्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आमच्या बापालाबी शेवटाला कायच उतरत नव्हतं. आम्ही लय घास भरवले त्याला." त्यानंतर दर महिन्याला त्याच्याकडून तांदळाचं पोतं येऊ लागलं. फळ्यावर नाव लिहू नका म्हणाला.

पुढे माझी आईच तिथे आली. आईने नगरपालिकेच्या शाळेत जन्मभर तिसरीला गणित शिकवलं, अख्खी कॉलनी तिला बाई म्हणायची. अन्ननलिकेचा कॅन्सर. घर दोन खोल्यांचं, बायकोची नोकरी, मुलांच्या परीक्षा. कारणं भरपूर होती आणि मला सगळी पाठ होती. आई पाटीवर लिहून बोलायची. मी रविवारी जायचो.

भास्कररावांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आकडा उतरत जातो. बारावर आला की रजा टाका आणि इथे येऊन बसा. मग फार दिवस नसतात." मला बरं वाटलं. शेवटी तिच्याजवळ असायचं, एवढं एक मी नक्की ठरवलं होतं. वडिलांच्या वेळी मी दौऱ्यावर होतो. म्हणून कचेरीत रजा जपून ठेवली.

गेल्या गेल्या मी आकडा विचारायचो. अठरा. पुढच्या रविवारी, अठरा. ते माझ्यासमोर पेज पेल्यात ओतायचे, आई बोटांवर मोजायची, मी माझ्या घड्याळात बघायचो. अठराच. आई वाळत चालली होती ते मला दिसत होतं, पण आकडा अठरा होता ना. मी बसने घरी यायचो आणि पोटभर जेवायचो.

सहाव्या रविवारनंतरच्या गुरुवारी कचेरीत फोन आला. मी पोचलो तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसमोर भास्कररावांना नाही नाही ते बोललो. "वीस वर्षं विमानं पास केलीत, एका बाईची पेज मोजता आली नाही तुम्हाला?" ते भांडं घासत होते. त्यांनी मान वर केली नाही. पुढे दोन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही, पण त्यांच्याबद्दल सगळ्या कॉलनीत बोललो. त्यांच्या पेल्याची टिंगल केली. हळूहळू त्यांनी लोकांकडे पेला नेणं सोडलं, मग लोकांकडे जाणंच सोडलं. मला त्याचा आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या वर्षी आईच्या तिथीला बायको हट्टाला पेटली, म्हणून तांदूळ-मूग घेऊन मी तिथे गेलो. भास्करराव रामकुंडावर होते. स्वयंपाक करणाऱ्या शांताबाई कढण घाटत होत्या. फळीवरचा पेला द्या म्हणाल्या. फळीवर दोन होते. मी हाताला आला तो उचलला. "तो नको," त्या म्हणाल्या, "तो बाईंचा."

मी तो उलटा केला. भोक झाळून परत पाडलेलं होतं, एकदा नाही, चार-पाचदा. दर वेळी आधीपेक्षा बारीक. मी त्यात माठातलं पाणी ओतलं, बोट काढलं आणि घड्याळात बघितलं. अठरा सेकंद. पाण्याला.

भास्करराव आले तेव्हा मी पेला हातात धरून उभा होतो. ते दारातच थांबले.

"बाईंनी सांगितलं तसं केलं," ते म्हणाले. "दुसऱ्याच आठवड्यात पाटीवर लिहून दिलं. दिलीपला बारा दाखवू नका. रजा टाकून बघत बसेल. त्याला झेपायचं नाही."

शेवटच्या रविवारी खरा आकडा किती होता, मी विचारलं.

"नऊ."

शांताबाईंनी स्टोव्ह बारीक केला. मी विचारलं, मी दोन वर्षं तुमची अब्रू काढत हिंडलो, तुम्ही बोलला का नाहीत? त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत फळीवर ठेवला, मागच्या बाजूला.

"मला बोललात ते बरंच झालं," ते म्हणाले. "नाहीतर स्वतःला बोलत बसला असतात."

भास्करराव गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी तेच करत बसलोय.