मीच नेमलेला विरोधक

लोकशाही आणायला इतरांना वर्षं लागली असतील, मी ती चार दिवसांत आणली! खोटं वाटत असेल तर आमच्या प्रुनेष्ती गावात कुणालाही विचारा. फक्त माझ्या सासूबाईंना विचारू नका.

रुमानियातली जुनी राजवट कोसळून दोन वर्षं झाली होती. बेल्जियममधलं एक गाव आमच्याशी मैत्री जोडायला तयार होतं, पण आधी त्यांना आमची सरपंचाची निवडणूक बघायची होती. पत्रात विचारलं होतं, "विरोधी उमेदवार कोण?"

विरोधी? अख्ख्या जन्मात मी एकावेळी एकच उमेदवार बघितलेला! आता माझी सरपंचाची खुर्ची सांभाळायची तर विरोधकही मीच नेमायला हवा. नेमला! सासूबाई वेतुरिया.

"पण मी बोलू काय, जावईबापू?"

"मी लिहून देतो ना! 'सरपंच उत्तमच आहेत, पण चौकातला दिवा जरा मंद आहे.' बस्स!"

सभेत सासूबाईंनी माझा कागद चुरगळून खिशात कोंबला. "दिवा गेला खड्ड्यात! ओढ्यावरच्या पुलाची फळी सहा वर्षांपासून तुटलीय. हे जावईबापू स्वतः त्यातून पडले. फाटलेली विजार मी शिवली, फळी अजून तशीच!"

टाळ्यांचा कडकडाट! बेल्जियमच्या पाहुण्या मादाम गोडलीव तर डोळे पुसू लागल्या.

मग हात वर करून मतदान. माझं नाव घेताच दोनशे बारा हात वर! मी मिशीला पीळ भरला. सासूबाईंचं नाव घेतलं. पुन्हा दोनशे बारा! चाळीस वर्षांची सवय हो, नाव ऐकलं की आमचे हात आपोआप वर जातात. माझाही गेला होता!

"अहो, दोघांतला एकच निवडायचा!" मादाम किंचाळल्या.

"का बुवा?" लोहार पेत्राके म्हणाला. "दोघंही आपलेच की!"

शेवटी पडद्याआड चिठ्ठ्या टाकल्या. सासूबाईंना दोनशे अकरा, मला एक!

मादामनी मैत्रीच्या कागदावर आनंदाने सही ठोकली. आलुबुखाराच्या दारूचे पेले भरले, नाच सुरू झाला. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, गाव इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

सासूबाई जवळ आल्या. "वाईट वाटून घेऊ नका हं. ते एक मत माझं. म्हटलं, जावई एकटा पडायला नको." मग एकदम थबकल्या. "पण मग तुमचं मत कुठे गेलं?"

आता काय सांगणार? फळीचं भाषण मला फारच पटलं होतं हो!