अडीच वर्षे टिकणारा सेल

कानातले यंत्र ऐकण्यात फार वीज खर्च करते, याची कंपनीच्या दर्जा विभागाने गंभीर दखल घेतली. ऐकले नाही तर हा खर्च पूर्णपणे टाळता येईल, असेही अहवालात नमूद होते. सोबत आलेख जोडला होता.

अहवाल ड्रायव्हरवाल्याच्या टेबलावर येऊन आदळला. हा गाडी चालवणारा नव्हे. यंत्रातल्या चिपने कधी जागायचे, कधी झोपायचे हे सांगणारा प्रोग्रॅम लिहिणारा. चिपचे घड्याळ टिकटिकत असेल तरच ती काम करते आणि त्या टिकटिकीला वीज लागते. आवाज थांबला की वीस सेकंद वाट पाहायची, मगच घड्याळ बंद, असा त्याचा नियम होता. हेच यंत्र त्याच्या वडिलांच्या कानात होते, त्यामुळे नियम त्याने जिवापाड जपला होता.

"वीस सेकंद?" साहेब म्हणाले. "कुणाची वाट बघतो आपण एवढी?"

"मध्येच झोपलं तर पहिला शब्द हुकतो, साहेब. जागं व्हायला वेळ लागतो."

"पहिल्या शब्दात असतं काय? 'अहो', 'बाबा', 'ऐका'. पुढचं ऐकलं की झालं!"

विसाचे पाच झाले. सेल महिनाभर पुरू लागला आणि साहेबांना बढती मिळाली. बढती मिळालेल्या माणसाला स्वस्थ बसणे शोभत नाही, म्हणून पाचाचा अर्धा सेकंद झाला. आता यंत्र दोन शब्दांच्या फटीतही डुलकी काढू लागले. सूनबाई म्हणे "दार लावा", वडील बिचारे उठून दिवा लावत.

"यंत्र बिघडलंय का रे?"

"नाही बाबा, सुधारलंय," तो ओरडून म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग साहेबांच्या लक्षात आले, की आवाजाची चाहूल घेणारा चिमुकला भाग अजून बिनदिक्कत जागा आहे. परिपत्रक निघाले: त्यानेही झोपावे, गरज पडल्यास चिपने त्यास उठवावे.

"पण चिपला तोच उठवतो! दोघं झोपले तर उठवणार कोण?"

"उठवण्याची विनंती आली नाही, म्हणजे गरज नाही. गरज असल्याचं लेखी आहे का तुमच्याकडे?"

त्याने मुकाट्याने बदल केला. तक्रारींचा पाऊस पडेल, साहेब तोंडघशी पडतील आणि आपण वीस सेकंद परत आणू, अशी त्याची खात्री होती. तो रोज तक्रारपेटी उघडून पाही.

सेल अडीच वर्षे टिकू लागला. तक्रार एकही आली नाही. यंत्र वापरणाऱ्यांना फोन केले, कुणी उचलले नाहीत. शेरा पडला, 'समाधानी'. यंत्र विकत घेणाऱ्या मुला-सुनांनी तर भरभरून लिहिले. 'सेल बदलायची कटकट गेली.' 'बाबा हल्ली मध्ये मध्ये बोलत नाहीत.' 'घरात कशी शांतता आहे.' सगळीकडे पाचपैकी पाच तारे.

त्यातला एक अभिप्राय त्याच्याच घरच्या पत्त्यावरून आला होता. तो उठून घरी गेला. वडिलांसमोर बसून म्हणाला, "बाबा, चुकलं माझं." वडील हसले आणि त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली. हल्ली ते सगळ्यालाच डोलावत.

कंपनीला आता फक्त तुमचा अभिप्राय हवा आहे. प्रश्न एकच आहे: घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा सेल तुम्ही शेवटचा कधी बदललात? आठवत नसेल, तर पाच तारे धरले जातील.