सोनाआतेचा दोन तुकड्यांचा कामठा

सोनाआतेला मला बोलवायचं असलं की ती हाक मारत नसे. माझ्या पडवीच्या खांबावर तीर मारत असे.

तिच्या आणि माझ्या घरामध्ये एक परडं आणि एक चिंचेचं झाड, एवढंच अंतर. आपल्या ओट्यावर बसल्याबसल्या ती कामठा ओढायची आणि इकडे खांबावर 'टक' असा आवाज व्हायचा. एक टक म्हणजे मुंबईहून पत्र आलंय, वाचायला या. दोन टक म्हणजे चहा उकळलाय. तीन टक म्हणजे मास्तर, तुमची भाकरी करपतेय, वास हितवर आला. कापडे गावच्या शाळेत मी नवा नवा रुजू झालो तेव्हा पहिला तीर आला आणि मी पडवीत पालथा पडलो. ही गोष्ट गावाने पुढे सहा महिने पुरवून पुरवून सांगितली. मला अजून त्याचा राग आहे.

तीर म्हटल्यावर लोखंडी पातं डोळ्यांसमोर आणू नका. आतेच्या तिराला टोकच नव्हतं. पुढे सुपारीएवढा लाकडी गोळा असे. कारण तिची लढाई होती वानरांशी, आणि वानर म्हणजे मारुतीची माणसं. त्यांना रक्त काढायचं नाही, फक्त बूड शेकायचं, असा तिचा नियम. शनिवारी मारुतीला तेल घालून ती आठवडाभराची माफी मागून घ्यायची आणि रविवारी सकाळी काकडीच्या मांडवाखाली पुन्हा हजर.

नवरा जन्मभर मुंबईच्या गोदीत. वर्षातून दोनदा यायचा, आणि पुढे तेही थांबलं, कारण तोच राहिला नाही. मुलगा दत्ताराम मोठा झाला आणि तिकडेच गिरणीत लागला. भात, नाचणी, वाल, भोपळे राखायला ही एकटी. एक म्हातारा हुप्प्या वानर तिचा खास वैरी. त्याचं नाव तिने 'फौजदार' ठेवलं होतं. तीर चुकला तर ती चडफडत नसे. शांतपणे दुसरा लावायची आणि म्हणायची, "नाय लागला तर परत." हे तिचं सगळ्याच बाबतींत उत्तर होतं. आमटी खारट झाली, परत. माझ्या शाळेतलं पोर नापास झालं, परत. माझं लग्न मोडलं तेव्हाही तिने एवढंच म्हटलं आणि मला चहा दिला.

एका गणपतीनंतर एक टक झाला. मी गेलो. दत्तारामाचं पत्र होतं. शिमगा झाला की आईने कायमचं मुंबईला यावं. शेत चुलत्याला करायला द्यावं. एकटं राहायचं वय आता राहिलेलं नाही. खोली लहान, माणसं सहा, तेव्हा एका ट्रंकेत मावेल तेवढंच सामान आणावं. आणि शेवटी, लांबडी वस्तू काही आणू नये.

लांबडी वस्तू कोणती, हे पत्र लिहिणाऱ्याला, वाचणाऱ्याला आणि ऐकणारीला सारखंच ठाऊक होतं.

"ते शेवटचं परत वाचा," आते म्हणाली.

मी वाचलं.

"लांबडी नको म्हंतोय. आखूड नको असं नाय ना लिवलेलं?"

"नाही."

"मंग आखूड करू," ती म्हणाली आणि ट्रंक उघडून काथ्याच्या दोरीने आतलं माप घेऊ लागली. दोरीला गाठ मारली आणि ती दोरी गळ्यात घातली. मुंबईला जायला तिची ना नव्हती. मुलगा बोलावतोय तर आईने जायचं, यात तिला बोलण्यासारखं काही वाटत नव्हतं. पण जाईन तर कामठा घेऊन जाईन, नाहीतर शिमग्यानंतर मुंबईची गाडी माझ्याशिवाय जाईल. हे तिने अशा सुरात सांगितलं की मी समजूत घालायच्या भानगडीत पडलोच नाही.

तसा तो कामठा उचलून एसटीच्या टपावर टाकता आला असता. पण एकदा महाडच्या बाजाराला जाताना पोलादपूरच्या स्टँडवर कंडक्टरने तेच सुचवलं होतं. "आजी, हत्यार टपावर टाका." आते म्हणाली, "मी पन टपावरच बसते मंग." कंडक्टर नाही म्हणाला. आते घरी परत आली, चालत.

वरंधच्या बाजूला कातकऱ्यांच्या वाडीत धाकू नावाचा म्हातारा राहत असे. तिरकामठा करावा तर धाकूनेच, असं सगळ्या खोऱ्याचं मत. आतेचा जुना कामठाही त्याच्याच हातचा. रविवारी शाळा नसते ही बातमी आतेला होतीच, त्यामुळे मी बरोबर निघालो, म्हणजे मला नेण्यात आलं.

धाकूने सगळं ऐकून घेतलं. मग तो तंबाखू मळत म्हणाला, "बाय, कामठ्याचा जीव मधी मुठीत असतो. तितंच कापला तर ऱ्हायलं काय? दोन काठ्या. त्यावर कपडं वाळत घाल."

"जोडता येल असा कर."

"तसं कोन करत नाय."

"म्हून तर तुज्याकडं आलो."

धाकू उठून आत गेला. आते अंगणातच बसून राहिली. त्याच्या सुनेची वरी पडली होती, ती निवडायला घेतली. संध्याकाळी आम्ही परतलो. पुढच्या रविवारी परत. तिसऱ्या रविवारी वरी संपली होती तर आतेने अंगण सारवायला घेतलं. धाकू दारात येऊन बघत राहिला. आपल्याच अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "दोरी दाव गो कसली ती."

धाकूची कामाची रीत अशी की आधी माणूस मोजायचा, मग बांबू. त्याने आंब्याच्या फांदीवरून एक दोर सोडला, एका टोकाला टोपली बांधली, दुसरं आतेच्या हातात दिलं आणि टोपलीत एकेक दगड टाकू लागला. कामठा ओढल्यासारखा दोर कानापर्यंत ओढायचा. जितके दगड पेलतील तितका कामठा ताठ. पाच दगडांपर्यंत सगळं ठीक चाललं. सहाव्याला आतेचं कोपर थरथरलं. सातव्याला मान थरथरायला लागली.

"टाक आनखी," आते म्हणाली.

"बास की."

"टाक. फौजदाराला काय सांगू, हात दमला म्हून?"

आठवा दगड पडला. तिने तो उचलला, कसा ते मारुतीलाच माहीत, आणि मग पदराने घाम पुसायला तोंड वळवलं. तेवढ्यात धाकूने टोपलीतले तीन दगड अलगद गवतात ठेवून दिले आणि माझ्याकडे बघितलं. मी आंब्याच्या मोहोराविषयी काहीतरी बोललो. मोहोर अजून आलेला नव्हता.

धाकूच्या चुलीवरच्या माळ्यावर एक भरीव बांबू धुरात तीन वर्षं पडून होता. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला, त्यामुळे भुंगा लागलेला नाही. जुना कापण्यापेक्षा नवाच करायचा म्हणून तो त्याने खाली काढला. चिरला, तासला, बाटलीच्या काचेने खरवडला. थोडं खरवडायचं, दोर लावून वाक बघायचा, परत थोडं खरवडायचं. माझ्यासारख्याला त्यात काही फरक दिसत नसे. आतेला दिसत असे, आणि ती दर वेळी सांगत असे. त्यामुळे काम दुप्पट लांबलं.

जोडासाठी पितळेची नळी हवी होती. महाडच्या तांबट आळीत आम्ही ती करून घेतली. तांबटाने विचारलं, "हुक्क्यासाठी का?" आते म्हणाली, "वानरासाठी." त्यानंतर त्याने काहीही विचारलं नाही. नळी वीतभर लांब आणि गोल गरगरीत, आरशासारखी घासलेली. कामठ्याचे दोन तुकडे दोन्ही बाजूंनी आत सरकवले तेव्हा इतके छान बसले की मी टाळी वाजवली.

आतेने तीर लावला आणि समोरच्या शेणाच्या गोवरीवर नेम धरला. ओढता ओढता नळीत वरचा तुकडा हळूच फिरला. कामठा पिळला, तीर आडवा सुटला आणि धाकूच्या छपरावरचा भोपळा घरंगळत खाली आला. धाकूची सून बाहेर येऊन भोपळ्याकडे बघत उभी राहिली.

"परत," आते म्हणाली.

चूक तिघांचीही होती, पण त्यातल्या त्यात माझी जास्त. गोल नळीत गोल काठी फिरणारच, हे शाळामास्तराला तरी कळायला हवं होतं. धाकूला दोन दिवसांत कळलं. त्याने नळी तापवून दगडावर ठोकली, दोन्हीकडून चपटी केली आणि तुकड्यांची टोकंही तशीच चपटी तासली. आता फिरायला जागाच नव्हती. बांबूच्या सालीची जुनी दोरी घडी घातली तर मोडते, म्हणून अंबाडीची पिळून घातली. पुढच्या रविवारी आतेने गोवरी फोडली. मग दुसरी. मग तिसरी, तीही उलट्या दिशेला तोंड करून, झर्रकन वळून. धाकूच्या तोंडावर हसू मावेना.

"हलका वाटतोय पन," आते संशयाने म्हणाली. "आठ दगडांचा हाय ना?"

"कापलेला कामठा हलकाच वाटतो, बाय."

"असं?"

"असंच असतंय."

आतेने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग नुसतं "बरं" म्हणाली. तिला कळलं होतं की नाही, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

शिमग्याची पालखी देवळात गेली. दुसऱ्या दिवशी ट्रंक भरायला घेतली तर तुकडा ट्रंकेपेक्षा दोन बोटं लांब. पितळेच्या नळीसाठी लांबी वाढवली होती आणि दोरीची गाठ कोणी परत बघितलीच नव्हती. मी फूटपट्टी आणली, तीनदा मोजलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, आते, मावणार नाही. आतेने माझ्याकडे बघितलं, तुकडा उचलला आणि ट्रंकेत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका ठेवला. वर दुसरा ठेवला. वर लुगडी घातली आणि झाकण लावलं. मी त्याच आठवड्यात सातवीला भूमितीत कर्ण शिकवला होता.

पोलादपूरच्या स्टँडवर कंडक्टर तोच होता. "आजी, ट्रंकेत काय?" "लुगडी," आते म्हणाली. तिने खोटं बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ट्रंक टपावर गेली. आते खिडकीशी बसली, ताठ मानेने, जिंकल्यासारखी. गाडी वळेपर्यंत मी उभा राहिलो आणि घरी येऊन भाकरी करपवली.

वर्षभराने, मे महिन्याच्या सुट्टीत, एका नातेवाइकाच्या लग्नाला मी मुंबईला गेलो. लग्न उरकलं तशी परळची चाळ शोधत गेलो. तिसरा मजला, लांब गॅलरी. दुपारची वेळ होती. दत्ताराम गिरणीत, सून शिवणक्लासला, मुलं खाली खेळायला. आते गॅलरीत पाटावर बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला आणि मग तिने पहिला प्रश्न विचारला तो फौजदाराचा.

"येतो," मी म्हणालो. "दोन दिवसांआड."

"हाकलतं कोन?"

"कोणी नाही."

"मंग खात असंल बिचारा सुखानं," ती म्हणाली. तिने तोंड रस्त्याकडे फिरवलं. मला वाटलं होतं ही बातमी तिला आवडेल. आवडली नाही.

"कामठा कुठंय, आते?"

तो तिच्या मागेच होता, जोडलेला, खोबरेलाने चकचकीत. रोज दुपारी ती तो ट्रंकेतून काढायची, जोडायची आणि संध्याकाळी दत्ताराम यायच्या आत सोडून परत ठेवायची. मी विचारलं, इथे मारता कशावर? तिने ओच्यातून मूठभर शेंगदाणे काढले, गॅलरीच्या कठड्यावर ओळीने मांडले आणि पाटावर येऊन बसली. मलाही खुणेने गप्प बसवलं.

थोड्या वेळाने एक कावळा आला. आतेने तीर लावला. हात तसाच स्थिर होता, डोळा तसाच. कावळा चार हातांवर, कापड्याला ती याच्या दसपट लांबून फौजदाराचं बूड शेकत असे. कावळ्याने एक दाणा उचलला. मग दुसरा. आतेने कामठा कानापर्यंत ओढून धरला होता. मग तिने दोरी हळूहळू, अगदी हळूहळू पुढे सोडली आणि तीर मांडीवर ठेवला.

"मारा की," मी कुजबुजलो. "डोळ्यांदेखत चोरतोय."

"नको," ती म्हणाली. "मास्तर, गावाला शंभर येत व्हती, एक हाकलला तर धा यायची. हितं ह्यो एकच येतो. ह्याला हाकलला तर दिवसभर माज्याकडं येनार कोन?"

कावळा दाणे संपवून उडाला. आतेने उठून कठड्यावर दुसरी मूठ मांडली, पहिल्यासारखीच नीट ओळीने, आणि परत पाटावर बसली.

मला संध्याकाळची गाडी गाठायची होती. मी पिशवी बाजूला ठेवली आणि म्हणालो, "आते, आज मी इथेच राहतो."