न बिघडणाऱ्या तीनचाकीची गोष्ट

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदरीण राहत होती. नाही, आजच्या गोष्टीत वाघ नाही. वाघ रजेवर आहे. आणि मधे मधे विचारायचं नाही, सांगून ठेवतो.

साळिंदरणीचं नाव वेणू. तिच्या नवऱ्याचं नाव शिदोबा. दोघांची मिळून एक तीनचाकी फटफटी होती. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मधे ऐसपैस सीट. वेणू चालवायची. शिदोबा मागे बसून बोलायचा.

वेणूला एक खोड होती. ती गाडीची काळजी घ्यायची. सकाळी उठलं की चूळ भरायच्या आधी टायरची हवा बघायची. मग इंजिनाचं तेल, मग चेनीचा ताण, मग ब्रेक. प्लगवर काजळी धरली असेल तर पाठीतला एक काटा उपटायची आणि प्लग असा लख्ख करायची की बघत राहावं.

त्यामुळे गाडी कधीच बिघडायची नाही. इथेच वेणूचं चुकलं. कसं ते कळेल, दम धरा.

एके सकाळी कावळा निरोप घेऊन आला. "वेणूबाई, समुद्राकाठच्या तुमच्या भावाला मुलगी झाली हो! बारशाला सहा दिवस उरलेत. भर दुपारी बाराचा मुहूर्त."

वेणूने अशी उडी मारली की छपरात चार काटे रुतून बसले. "अहो, ऐकलंत का? मी आत्या झाले!"

"मग मी कोण झालो?" शिदोबाने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आणि मी नाव ठरवलंसुद्धा. मऊ!"

"साळिंदराच्या पोरीचं नाव मऊ?"

"हो. आपल्याशी सगळे हातभर लांबूनच बोलतात. निदान तिला हाक तरी मऊ मारू देत."

हे बोलताना वेणूचा आवाज जरा कापला. शिदोबाने ते ऐकलं आणि खरोखरच गप्प बसला. असं वर्षातून एकदा व्हायचं.

"पण वेळेवर या हं," कावळा म्हणाला. "शेजारच्या बकुळाबाई मुंगसीण टपून बसल्यात. खरी आत्या आली नाही तर मी मानलेली आत्या, म्हणतात. त्यांनीही नाव शोधलंय. क्रिझांशिका."

"म्हणजे काय?"

"ते त्यांनाही माहीत नाही. पण पंचक्रोशीत कुणाचंच नाहीये, म्हणाल्या."

वेणूच्या अंगावर काटा आला. म्हणजे होताच, तो उभा राहिला.

वाटेत चार जंगलं होती. दिवसाला एक जंगल म्हटलं तरी दोन दिवस हाताशी राहत होते. वेणूने पाना घेतला, पक्कड घेतली, तेलाची बुधली घेतली. शिदोबाने चिवडा घेतला. आणि निघाली की हो गाडी, फट फट फट फट!

पहिल्या जंगलाच्या नाक्यावर एक रानडुक्कर खुर्ची टाकून बसलं होतं. त्याने हात वर केला. "थांबा. काय बिघडलंय?"

"काही नाही," वेणू हसून म्हणाली.

"चेन उतरली असेल."

"नाही हो."

"क्लच धरत नसेल. वायर जळली असेल. निदान हॉर्न तरी वाजत नसेल?"

वेणूने हॉर्न वाजवला. कसा खणखणीत वाजला! रानडुकराचं तोंड उतरलं.

"बाई, पंधरा वर्षं मी या नाक्यावर आहे. इथे येणारी प्रत्येक गाडी ढकलत येते. न बिघडलेली गाडी मी आज पहिल्यांदा बघतोय. तुम्ही काहीतरी लपवताय."

झालं! चौकशी समिती बसली. गाडी का बिघडत नाही, याचा तपास सुरू झाला. तीन तरसांनी गाडी तिन्ही बाजूंनी हुंगली. एका घुबडाने सारखं लिहून घेतलं. "रोज तेल घालता? का घालता? कुणाच्या सांगण्यावरून घालता?" वेणू सगळं खरंखरं सांगत होती, आणि जितकं खरं सांगत होती तितकं समितीचं तोंड वाकडं होत होतं. दोन दिवस गेले. हाताशी होते तेवढे दोन्ही.

आणि तेवढ्यात नाक्यावर काय आलं असेल? एक कासव आलं. त्याच्या तीनचाकीचा सायलेन्सर जमिनीला घासत होता, एक चाक दोरीने बांधलं होतं, आणि स्वतः कासव घामाघूम होऊन ढकलत होतं. रानडुक्कर खुर्चीतून उडालंच. "अरे या या या! बिघडली का? वा! चहा टाका रे! पोहे आणा!" सगळं जंगल गाडीभोवती गोळा झालं. तासाभरात कासव पोहे खाऊन, लाडू बांधून घेऊन पुढच्या वाटेला लागलंसुद्धा.

वेणूच्या हातात मात्र समितीने एक कागद ठेवला. त्यावर शेरा होता : 'गाडी संशयास्पदरीत्या सुस्थितीत. जाऊ द्यावे, पण लक्ष ठेवावे.'

"अगं, कळलं का तुला?" शिदोबा वाटेत म्हणाला. "या रस्त्यावर लोकांना दुसरी करमणूकच नाही. कुणाची गाडी बिघडली की यांची दिवाळी. पुढच्या नाक्याआधी काहीतरी सैल कर."

"मी? माझ्या हाताने?"

"एखादी वायर काढ फक्त."

"अहो, ज्या हाताने रोज घट्ट करते त्याच हाताने सैल करू? लाज वाटते मला!"

"ठीक आहे. मग क्रिझांशिका."

वेणूने गाडी थांबवली. डोळे गच्च मिटले, प्लगची वायर काढली, आणि रडत रडत गाडी ढकलायला लागली. शिदोबाही ढकलत होता, पण मजेत.

दुसऱ्या नाक्यावर काय थाट, काय थाट! माकडं झाडावरून टपाटप उतरली. त्यांच्यात एक म्हातारं वानर होतं, सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, एक डोळा बारीक केला आणि म्हणाला, "कार्बोरेटर."

"पेट्रोल बघा आधी," रेडा म्हणाला.

"दृष्ट लागलीय. लिंबू कुठे बांधलंय?" म्हातारी शेळी म्हणाली.

"माझ्या मेव्हण्याच्या गाडीला असंच झालं होतं," कोल्हा म्हणाला. पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

उस्तादाने नट खोलायला सुरुवात केली. जो दिसेल तो खोलायचा! मागच्या चाकाची लोखंडी पिन त्याने काढली, हातात तोलली, "ही जुनी पद्धत झाली," म्हणाला आणि खांद्यावरून मागे टाकून दिली. ती पडली विहिरीत. बुडुक!

वेणूने पटकन स्वतःचा एक जाड काटा उपटला आणि पिनेच्या जागी घुसवला. मग सगळ्यांची पाठ फिरलेली बघून हळूच प्लगची वायर लावली आणि म्हणाली, "उस्ताद, आता एक किक मारून बघता का?"

उस्तादाने किक मारली. फट फट फट!

काय जल्लोष झाला, मुलांनो! माकडं एकमेकांच्या शेपट्या धरून नाचली. रेडा म्हणाला, "मी म्हटलंच होतं." शेळी म्हणाली, "मी म्हटलंच होतं." सगळ्यांनीच म्हटलं होतं. नाका सताड उघडला आणि सीटवर करंज्यांचा डबा आला.

तिसऱ्या नाक्याआधी वेणूने चेन उतरवली. या वेळी ती रडली नाही. उलट तिला हसू फुटलं, आणि ते दाबता दाबता शिदोबाला चार काटे टोचले. तिथल्या अस्वलांनी चेनीला मध चोपडला. पण घटकाभरात नाका उघडला. पुढच्या ओढ्यावर वेणूने मध धुऊन काढला, चेनीला तेल दिलं, आणि गाडी पुन्हा पळाली.

बारशाचा दिवस उजाडला. चौथं जंगल, म्हणजे शेवटचं. पुढे उतार, उताराच्या पायथ्याशी नाका, आणि नाक्यापलीकडे समुद्राचा वास. "अहो, पोचलो की हो!" वेणू ओरडली.

आणि कट्! साळिंदराचा काटा कितीही जाड असला तरी तो काही लोखंड नव्हे. मागचं डावं चाक सुटलं आणि गाडीच्या पुढे धावत सुटलं. गाडी कलली, घासली, फिरली आणि करवंदीच्या जाळीत जाऊन बसली. चाक मात्र थेट नाक्यावर पोचलं. तिथली मंडळी हार घेऊन उभीच होती. वारंवार बिघडणाऱ्या गाडीची कीर्ती आधीच पोचली होती ना! त्यांनी चाकालाच हार घातला.

मग सगळे धावत वर आले. वेणू जाळीतून बाहेर आली. चाकांचा आस वाकला होता. रोज पुसलेल्या टाकीला हा एवढा पोचा. ती खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. "खरंच बिघडली हो! या वेळी खरंच बिघडली!"

"खरंच?" हत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंडळी, खरंच बिघडलीय!"

टाळ्या! शिट्ट्या! हत्ती म्हणाला, आधी वंगण बघू. गवे म्हणाले, उलटी करून बघू. आतापर्यंतच्या नाक्यांवरची मंडळीही, गाडी पुन्हा बिघडेल या आशेने, मागून येऊन पोचली होती, आणि उस्ताद सगळ्यांत पुढे होता. "कार्बोरेटर," तो म्हणाला.

सूर्य वर चढत होता. वेणूने एकदा सूर्याकडे बघितलं, एकदा या मंडळींकडे बघितलं. ही आता संध्याकाळपर्यंत हलत नाहीत, हे तिला कळून चुकलं. तिने डोळे पुसले.

"हा बिघाड साधा नाही," ती गंभीर आवाजात म्हणाली. "तुमच्यासारख्या जाणत्यांना मी काय सांगायचं? याला खारा वारा लागतो. समुद्रावर नेल्याशिवाय हा निघायचा नाही."

मग हत्ती म्हणाला, "मी तेच म्हणणार होतो."

सगळेच तेच म्हणणार होते. हत्तीने गाडी पाठीवर घेतली. गाडीवर वेणू, वेणूशेजारी शिदोबा, शिदोबाच्या मांडीवर हार घातलेलं चाक. पुढे माकडं पत्र्याचे डबे बडवत निघाली. आणि ती वरात उधळत, नाचत, पडत, धडपडत समुद्रकाठी येऊन थडकली, तेव्हा बारा वाजायला आलेच होते.

बकुळाबाई मुंगसीण पाळण्यावर वाकलीच होती. "क्रि..." एवढं तिच्या तोंडून बाहेर पडलंही होतं.

"थांबा!" वेणूने हत्तीवरून उडी मारली. "खरी आत्या आलीय!"

"आक्का!" भाऊ ओरडला. बकुळाबाईने मिशा फेंदारल्या आणि ती बाजूला झाली.

आता सगळी मंडळी पाळण्याभोवती. "नाव दोन अक्षरी ठेवा." "तीन अक्षरी ठेवा." "माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं..." वेणूने कुणाकडेच लक्ष दिलं नाही. ती वाकली. त्या इवल्याशा कानात तिने कुर्र केलं आणि सांगितलं, "मऊ."

बाळ हसलं. खरंच हसलं हो! वेणूचा ऊर भरून आला.

आता, मुलांनो, आत्याने नाव सांगितलं की तिच्या पाठीत बुक्क्या घालायची रीत आहे. मंडळी रीतभात पाळणारी. त्यांनी मुठी वळल्या आणि सगळ्यांनी मिळून दणादण बुक्क्या घातल्या. साळिंदरणीच्या पाठीत.

"आई गं!" "मेलो!" "अगं बाई!" हत्तीची सोंड, रेड्याचा खूर, उस्तादाचे दोन्ही तळवे, सगळीकडे काटेच काटे. आणि मग प्रत्येकाने दुसऱ्याचा काटा कसा काढावा, ते सांगायला सुरुवात केली. "वंगण लावा." "उलटं करून बघा." "आधी कार्बोरेटर," उस्ताद विव्हळत म्हणाला.

काटा कसा काढायचा, हे तिथे फक्त वेणूला माहीत होतं. पण तिला कुणीच विचारलं नाही. ती मऊला मांडीवर घेऊन घुगऱ्या खात बसली.

तात्पर्य : मुलांनो, गाडीची निगा रोज राखावी, पण चारचौघांत कळू देऊ नये. वेळेवर पोचायचं असेल तर वेळच्या वेळी बिघडायला शिका. आणि मदतीला धावून येणाऱ्यांकडे नेहमी पाठच करून उभे राहा.