आबांचं धोतर पडद्यावर

एका धोतराने काय होणार आहे, असं म्हणून काशीरामने सासऱ्यांची ट्रंक उघडली आणि तिथेच सगळं बिनसलं.

झालं होतं असं. रत्नागिरीच्या मैदानावर नझीरशेठचा सिनेमाचा तंबू आला होता. सिनेमा तेव्हा मुका. बोलायची सगळी जबाबदारी प्रेक्षकांवर. कचेरीत कारकून असलेल्या काशीरामने बायकोला, गोदाला, मोठ्या ऐटीत सांगितलं, "आज तुला इंग्रजी फार्स दाखवतो!" आणि नेमका त्याच दुपारी तंबूचा पडदा एका बैलाने शिंगावर घेतला. नझीरशेठ खेळ बंद ठेवायला निघाला. (गोदाला दिलेले शब्द बुडवण्यात काशीरामचा हात धरणारा कोणी नव्हता. पण निदान हा तरी पाळायचाच, असं त्याने ठरवलं होतं.)

"शेठ, पडदा मी देतो."

"तुमच्या घरात सिनेमाचा पडदा?"

"सासऱ्यांचा आहे," काशीराम म्हणाला.

सासरे म्हणजे मालगुंडचे आबा. धाकट्या मुलीची सोयरीक जमवायला आले होते. उद्या नेसायची त्यांची कोरी धोतरजोडी ट्रंकेत होती आणि ते स्वतः कीर्तनाला जाणार होते. काशीरामने जोडीची दोन्ही पानं एकाखाली एक जोडून टाचली आणि तंबूत टांगली. मधोमध तांबडा काठ आल्यामुळे पडद्यावरच्या प्रत्येक साहेबाच्या कमरेला करदोटा दिसू लागला.

बायका पडद्यामागे बसत, गोदाही तिथेच होती. पलीकडून चित्र दिसावं म्हणून पडदा भिजवावा लागे. परक्या हातांनी धोतर मळायला नको, म्हणून काशीराम स्वतःच बादली घेऊन उभा राहिला. धोतर भिजलं आणि पुढे चिखलही झाला.

खेळ रंगला. लुकडा चोर पळतोय, जाडा पोलीस मागे. तंबू खदखदून हसत होता. इतक्यात पुढच्या बाकावरून ओळखीचा खोकला आला. कीर्तनकाराचा घसा बसल्यामुळे कीर्तन रद्द झालं होतं, आणि आबा (सिनेमाला नावं ठेवत ठेवत) इथे येऊन बसले होते.

"हा काठ माझा!" आबा उठले.

"आबा, बसा हो. काठ काय, सगळे सारखेच," काशीराम म्हणाला.

"माझ्या धोतरावर तो टोपीवाला नाचतोय नि मी बसू?"

आबा पडद्यावर धावून गेले. त्याच क्षणी पोलिसाने दंडुका उगारला. आबांनी घाबरून डोकं चुकवलं, चिखलात घसरले आणि धोतराला लोंबकळले. काशीराम त्यांना धरायला धावला, तो पाय थेट बादलीत! आबांच्या कमरेला मिठी मारून तो बादलीसकट थयथय नाचू लागला. पेटीवाल्याने सूर चढवला. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. शेवटी नझीरशेठने घाबरून दिवा घालवला. अंधारात दोघांनी धोतर उतरवलं आणि मागच्या पाखाडीच्या पायऱ्यांनी घर गाठलं.

"गोदाला एक अक्षर कळता कामा नये," आबा धापा टाकत म्हणाले. काशीरामला इतकं हायसं वाटलं की तो त्यांच्या पायाच पडला.

जरा वेळाने गोदा डोळे पुसत आली. आबा चुलीपुढे धोतर वाळवत होते, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

"हसून हसून मेल्ये हो! मागून नुसत्या सावल्या दिसत होत्या, पण शेवटी एक म्हातारा आला ना, तो बरा होता. त्याच्यामागचा तो वेंधळा! पाय बादलीत! सगळ्या बायका म्हणत होत्या, असला नवरा जिच्या गळ्यात पडला, त्या बिचारीचं कसं होत असेल?"

आबांनी धोतर उलटं केलं आणि काशीरामकडे बघितलं.

"भोगत्ये बिचारी," ते म्हणाले. "चूक तिच्या बापाची."