थोरले मामा पडले

शुद्धोबाच्या हातून आजवर एकही चूक छापून गेलेली नव्हती. हे आम्ही म्हणत नाही, तो स्वतःच म्हणे, आणि दिवसातून निदान दोनदा म्हणे. छापखान्यात तो मुद्रितशोधक होता. खिशाला लाल पेन, कपाळाला आठी, आणि नजर अशी की भिंतीवरची 'थुंकु नये' ही पाटी वाचून त्याची झोप उडे. थुंकण्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं, 'थुंकू'मधल्या उकाराबद्दल होतं. शुद्धोबा हे नाव त्याला अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंनी ठेवलं होतं. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तेही त्याने एकदा दुरुस्त करून घेतलं होतं.

शनिवारी छापखाना अर्धा दिवस. समोरच्या फुटपाथला लागून तीन पडद्यांचं थिएटर. त्यामुळे दर शनिवारी दुपारी शुद्धोबा पिक्चर बघे. दर्दी वगैरे तो मुळीच नव्हता. पाय लांब करून बसायला मिळतं आणि पडद्यावर वाचायचं फारसं काही नसतं, एवढाच त्याचा सिनेमाशी संबंध. पण बघितल्यावर मत द्यायलाच हवं, नाहीतर बघितलं कशाला? ते मत तो बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर टाकी. मागच्याच महिन्यातली त्याची मतं बघा. "'वादळाचा धाकटा भाऊ' पाहिला. नायक चाळीस जणांना ठार करतो. एकेचाळिसावा मी." किंवा, "'उलटा जिना' हा रहस्यपट आहे. तो का काढला, हे शेवटपर्यंत कळत नाही." ग्रुपवर कोणी उत्तर देत नसे. बायकोची मावशी तेवढी न वाचता हात जोडल्याचं चित्र पाठवी.

आता या शनिवारची गोष्ट सांगायची तर आठ वर्षं मागे जावं लागेल.

शुद्धोबाच्या बायकोचे आईवडील ती लहान असतानाच गेले. तिला वाढवलं थोरल्या मामांनी. तिच्या वेण्या घालण्यापासून ते सायकल धरून मागे धावण्यापर्यंत सगळं त्या एकट्या माणसाने केलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा मामांनी पत्रिकेसाठी आठ ओळी लिहिल्या, आयुष्यात पहिल्यांदाच, चार रात्री जागून. कागद नवऱ्यामुलाकडे गेला छापायला. दुसऱ्या दिवशी परत आला तो लाल होऊन. आठ ओळींत सात चुका! खाली शेरा होता, 'पुन्हा लिहावे.'

मामा लग्नात उभे राहिले, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवता निघून गेले. जाताना म्हणाले, "ज्याला माझ्या ओळींत फक्त वेलांट्या दिसल्या, त्याच्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाही." आठ वर्षं ठेवला नाही. भाची अधूनमधून भेटून येई, पण मामा तिच्या घराचं नावही काढत नसत आणि परतताना ती बसमध्ये रडत येई.

आणि गेल्या आठवड्यात मामांचं पोस्टकार्ड आलं. 'रविवारी येतो.' दोनच शब्द. बायकोने ते कार्ड तीन वेळा वाचलं, मग शुद्धोबाच्या हाताला लागू नये म्हणून डब्यात लपवलं.

"माझं एक ऐकशील?" ती म्हणाली. "ते काहीही बोलू देत, काहीही लिहू देत. तू दुरुस्त करायचं नाही."

"मला काय कळत नाही का?" शुद्धोबा म्हणाला. "एक रविवार तर आहे. माझ्याकडून चूक होणार नाही."

इथेच आपण समजायला हवं होतं.

शनिवारी दुपारी थिएटरवर जो नवा पिक्चर लागला होता, त्याचं नाव होतं 'थोरले मामा'. शुद्धोबाला हा शुभशकुन वाटला. तो आत गेला, अडीच तास बसला आणि पार वैतागून बाहेर आला. हॉलमध्ये नऊ माणसं होती, त्यातली दोन पडदा ओढणारी. समोरून बस येताना दिसत होती. एका हाताने छत्री सांभाळत त्याने दुसऱ्या हाताने मत टाइप केलं.

लोक म्हणतात, पिक्चर पडला. पण शुद्धोबा पडला म्हणणार नव्हता. 'मामा' हे आदरार्थी बहुवचन, तेव्हा क्रियापदाने मुकाट बहुवचनात गेलं पाहिजे! 'पडले'च बरोबर. आता राहिली नावाभोवतीची अवतरणचिन्हं. पुस्तकाचं नाव, नाटकाचं नाव, पिक्चरचं नाव अवतरणात हवं म्हणून त्याने आजवर किती लेखकांना रडवलं होतं. पण फोनवर ती चिन्हं शोधायला कळफलकाची दोन पानं उलटावी लागत आणि बसने तर थांबा गाठला होता. घरी जाऊन घालू, असं म्हणून त्याने मजकूर पाठवून दिला. पिक्चरसाठी बंद केलेला फोनचा आवाज चालू करायचंही राहिलं.

ग्रुपवर गेलेला मजकूर असा होता.

"थोरले मामा अखेर पडले. अपेक्षा होतीच. निम्म्यापर्यंत थोडी धुगधुगी होती, मग तीही गेली. शेवट फार रेंगाळला, सोबतच्यांना सुटल्यासारखं वाटलं. शुक्रवारच्या आत उचलतील. कोणी जाऊ नये, वेळ फुकट जाईल."

मावशीने आयुष्यात प्रथमच त्याचा मजकूर पूर्ण वाचला.

मावशी म्हणजे मामांची सख्खी धाकटी बहीण. तिने मामांच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मग तिने भाचीला फोन केला आणि नुसती रडली. भाचीने शुद्धोबाला सोळा फोन केले. शुद्धोबा बसमध्ये खिडकीशी बसून समोरच्या दुकानावरची 'स्टेशनरि' ही पाटी वाचून दुःखी होत होता.

तो घरी पोचला तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता. मामा उद्याऐवजी आजच आले की काय, असं वाटून त्याने केस नीट केले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि आत शिरला. त्या हसऱ्या चेहऱ्याकडे अकरा माणसांनी एकदम बघितलं.

बायको जमिनीवर बसली होती. डोळे सुजलेले. शेजारी मावशी, खुर्चीत मावशीचे यजमान, आणि कोपऱ्याकोपऱ्यात ग्रुपवरची एरवी कधी न दिसणारी मंडळी.

"तू गेला होतास?" बायकोने विचारलं. आवाज पार बसला होता.

"हो, दुपारीच," शुद्धोबा म्हणाला.

"आणि मला नेलं नाहीस?"

"तुला कशाला? अगं, काही नव्हतं त्यात. मीच अर्ध्यातून उठणार होतो."

मावशीने तोंडावर पदर घेतला. कोणीतरी "अरेरे" म्हणालं.

"शेवटी काही बोलले का?" मावशीने कसंबसं विचारलं.

"बोलले ना, वीस मिनिटं बोलत होते. एक शब्द धड ऐकू येईल तर शपथ. मागचा माणूस तर घोरत होता."

काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, राहवेना. ते हिशेबी, व्यवहारी माणूस. "जावईबापू," ते म्हणाले, "बाकीचं जाऊ दे. पण शुक्रवारपर्यंत का ठेवणार आहेत? आज शनिवार आहे."

"त्यांचा नियमच आहे काका. कितीही वाईट अवस्था असली तरी एक आठवडा ठेवतात."

"आणि वास?" काका म्हणाले.

"वास थोडा येतोच, पण एसी चालू असतो."

बायको उठली. ती ओरडली नाही, हे वाईट झालं. तिने शांतपणे त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ते उद्या येणार होते. आठ वर्षांनी. मी त्यांच्यासाठी नवी चादर आणली होती. आणि तू लिहितोस, सुटल्यासारखं वाटलं?"

शुद्धोबाच्या डोक्यात आता कुठे काहीतरी खटकलं. त्याने फोन काढला, स्वतःचाच मजकूर वाचला, आणि 'थोरले मामा' या दोन शब्दांच्या अलीकडे-पलीकडे त्याला मोकळी जागा दिसली. दोन चिमुकली चिन्हं. आयुष्यभर इतरांच्या कागदांवर तांदळासारखी पेरली, आणि स्वतःच्या वेळी हात आखडला.

"पिक्चर," तो म्हणाला. "पिक्चरचं नाव आहे ते. मामा ठणठणीत आहेत."

"मग फोन का उचलत नाहीत?" मावशी म्हणाली.

याचं उत्तर दारात उभं होतं. हातात पिशवी, काखेत छत्री आणि चपलांच्या ढिगाकडे बघून गोंधळलेला चेहरा. मामांना रविवारपर्यंत दम निघाला नव्हता. सकाळीच घराला कुलूप लावून, दोन बस बदलून ते आले होते.

"एवढी माणसं?" मामा म्हणाले. "माझ्यासाठी?"

मावशी मटकन खालीच बसली. भाची धावली आणि मामांच्या गळ्यात पडून अशी रडली की मामांना आनंद झाला, मग थोडी भीती वाटली. "अगं, आठच वर्षं झाली," ते म्हणाले.

पण अकरा माणसं एका खोलीत असली की गोष्ट लपत नाही. काकांनी फोन पुढे केला. मामांनी चष्मा लावला, उंबऱ्याच्या बाहेर उभ्या उभ्या स्वतःच्या मरणाची बातमी सावकाश वाचली. मामा इथूनच मागे फिरले तर बायको आपल्याला कधी माफ करणार नाही, हे शुद्धोबाला स्वच्छ दिसत होतं. करूही नये, असंही त्याला वाटलं.

"शेवट रेंगाळला म्हणता," मामा शेवटी म्हणाले. आठ वर्षांत जावयाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "काय होतं शेवटी?"

शुद्धोबा सांगू लागला. "म्हातारा असतो एक. रुसलेला. बसस्टॉपवर बसून स्वतःशीच बोलत असतो, भाचीकडे जाऊ की नको म्हणून. वीस मिनिटं."

"वीस मिनिटंच?" मामा म्हणाले. "लवकर आटोपलं की त्याचं."

भाचीने मामांची पिशवी घेतली, आणि पिशवीमागोमाग मामा आत आले.

पाणी प्यायल्यावर त्यांनी हात पुढे केला. "जावईबापू, कागद द्या. आणि ते लाल पेन."

शुद्धोबाने खिशातलं पेन काढून दिलं. कोणाच्या हातात त्याने ते आजवर दिलं नव्हतं. मामांनी कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, थोरले मामा अखेर पडले. मग नावाच्या दोन्ही बाजूंना जपून एकेक चिन्ह काढलं. आणि समासात, अगदी आठ वर्षांपूर्वी शुद्धोबाने लिहिला होता तसाच, तिरपा शेरा लिहिला.

'अवतरणचीन्ह राहीले.'

"बघा," कागद त्याच्यापुढे धरून मामा म्हणाले. "माझ्या सात होत्या. तुमची एकच निघाली. बरोबर आहे का?"

शुद्धोबाने बघितलं. दोन वेलांट्या. दोन्ही दुसऱ्या. दोन्ही पहिल्या हव्या होत्या. त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप पेनाच्या दिशेने सरकली. त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, पापणी न हलवता.

"बरोबर आहे, मामा," शुद्धोबा म्हणाला.

मामांचा चेहरा असा उजळला की मावशी पुन्हा रडायला लागली. त्या दिवशी मामा पोटभर जेवले, नव्या चादरीवर झोपले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीला घेऊन 'थोरले मामा' बघून आले. दोघांनाही फार आवडला.

तो कागद बायकोने काचेच्या चौकटीत बसवून जेवणाच्या टेबलासमोर लावला आहे. मामा आता दर रविवारी येतात आणि आल्या आल्या तो सरळ आहे ना बघतात. शुद्धोबा भिंतीकडे पाठ करून जेवतो.